उजव्या बुटाची लाल लेस

शनिवारी एक्स-रे विभाग एक वाजता बंद होतो. त्या शनिवारी सामना चारला होता, म्हणजे घरी जाऊन चार घास खाऊन, दादाला सोबत घेऊन स्टेडियमवर पोचायला तिच्याकडे वेळच वेळ होता. पर्सच्या आतल्या कप्प्यात दोन तिकिटं होती आणि सकाळपासून तिने तो कप्पा चारदा उघडून बघितला होता, जणू तिकिटांना पाय फुटणार होते.

फुटबॉलचा हा सामना साधासुधा नव्हता. क्लबची यंदा पार दैना उडाली होती. आज जिंकले तर वरच्या गटात राहणार, नाहीतर चाळीस वर्षांत पहिल्यांदा खालच्या गटात जाणार. त्यात मास्तरचा हा शेवटचा सामना. मास्तर म्हणजे क्लबचा कप्तान. सोळा वर्षं एकाच क्लबकडून खेळला, कुठूनकुठून बोलावणी आली तरी हलला नाही. मैदानात बोट रोखून बाकीच्यांना जागा दाखवायचा आणि कुणी चुकलं की ओरडायचा नाही, कमरेवर हात ठेवून नुसता बघायचा. ते बघणं ज्याच्या वाट्याला यायचं तो पुढची दहा मिनिटं दुप्पट पळायचा. म्हणून लोकांनी त्याला मास्तर केलं.

सव्वाअकराला खिडकीतून फॉर्म आत आला. तिने नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एकाच नावाची छप्पन्न माणसं असतात असं स्वतःला बजावलं. डावी नडगी, समोरून आणि बाजूने, असं क्लबच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. खाली 'पूर्वीची दुखापत' हा रकाना पेशंटने स्वतः भरायचा असतो. तिथे वेगळ्या, जाड अक्षरात होतं: 'डाव्या नडगीला फ्रॅक्चर, अकरा वर्षांपूर्वी. पूर्ण बरं.'

दार उघडलं आणि मास्तरच आत आला. मागोमाग क्लबचा मॅनेजर, कानाला फोन.

लंगडत नव्हता तो. लंगडला असता तर बरं, असं तिला वाटलं. प्रत्येक पाऊल मोजूनमापून टाकत होता, आणि एकोणीस वर्षं दुखरी माणसं बघितलेल्या बाईला हे चालणं लंगडण्यापेक्षा वाईट असतं हे कळतं.

"सिस्टर, जरा पटकन," मॅनेजर म्हणाला. तिला सगळेच सिस्टर म्हणतात. ती सिस्टर नाही, फोटो काढणारी टेक्निशियन आहे, हे सांगणं तिने कधीच सोडून दिलं होतं. "जुनंच दुखणं आहे त्याचं. आमच्या डॉक्टरला कागद लागतो म्हणून आलो, बाकी काही नाही. अडीचला यादी द्यायचीय."

"तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली. "आत फक्त पेशंट."

"मी कोपऱ्यात उभा राहतो की."

"कोपऱ्यातही किरणं येतात."

मॅनेजर बाहेर गेला. आता खोलीत ती आणि मास्तर दोघंच. चौदाव्या रांगेतून जो माणूस तिने अंगठ्याएवढा बघितला होता, तो तिच्या टेबलावर बसून डाव्या पायातला बूट काढत होता. मोजाही काढला. पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि आडवा झाला.

"हलू नका," तिने सांगितलं. आवाज बरोबर निघाला, याचंच तिला नवल वाटलं.

नडगीखाली उशी सरकवताना तिच्या डोक्यात काय काय येऊन गेलं हे सांगायचं तर तिच्या घरातली एक रीत सांगावी लागेल. बाबा तिला आणि दादाला लहानपणापासून सामन्याला न्यायचे. परत येताना वाटेत बाबा विचारायचे, "बोला, आजचं काय ठेवायचं?" प्रत्येकाने सामन्यातली एकच गोष्ट सांगायची, आणि तिघांतली जी उत्तम ठरेल ती आठवणीत ठेवायची. नियम दोनच होते. गोल चालणार नाही, कारण गोल सगळं गाव ठेवतं. आणि घराचं दार उघडायच्या आत बोलून दाखवायचं, नाहीतर बाद. बाबा या बाबतीत न्यायाधीशाहून कडक होते. एकदा दादा पायरीवर आठवत उभा राहिला तर बाबांनी त्याच्या नाकासमोर कुलूप काढलं आणि म्हणाले, बाद.

त्यामुळे मास्तरचे गोल किती, हे तिला विचाराल तर ती अडखळेल. पण समोरच्या गोलकीपरच्या हातून चेंडू साबणासारखा निसटला आणि गोल झाला, तेव्हा सगळे नाचत असताना मास्तर एकटा त्या गोलकीपरपाशी जाऊन काहीतरी बोलला, हे तिला ठाऊक होतं. काय बोलला असेल यावर घरात आठवडाभर वाद चालला होता. स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारून बसलेल्या एका बचावपटूला त्याने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मारायला पुढे ढकललं होतं, हेही ठेवलेलं होतं. आणि राखीव म्हणून बसायची वेळ आली तरी तो बाकावर कधी बसायचा नाही, नव्वद मिनिटं रेषेपाशी उभा राहायचा, हे तर बाबांनी तीनदा ठेवलं होतं. एकच गोष्ट पुन्हा ठेवायची ही सवलत बाबांनी स्वतःलाच दिली होती.

फोटोत डावं-उजवं कळावं म्हणून लावायचं शिशाचं अक्षर, डावीकडचं, तिने नडगीशेजारी ठेवलं आणि काचेमागे गेली. समोरून फोटो घेतला. पडद्यावर हाड उमटलं, सरळ, स्वच्छ. तिचा जीव भांड्यात पडला.

मग पाय कुशीवर वळवून बाजूने घेतला.

नडगीच्या पुढच्या कडेवर, मधोमध, एक काळी रेघ होती. केसाएवढी. हाडात अर्ध्यापर्यंत गेलेली.

चेहरा कोरा ठेवणं हा त्या खोलीतला पहिला धडा. फोटोत काय आहे हे पेशंटला सांगायचा टेक्निशियनला अधिकार नाही, ते डॉक्टरांचं काम. म्हणून कितीही भयंकर दिसलं तरी चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. तिने हलू दिली नाही. पण अशी रेघ तिने आधी एकदा बघितली होती. दोन वर्षांपूर्वी एक नाचणारी मुलगी आली होती, कार्यक्रम आठ दिवसांवर होता, डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं तरी नाचली. आठव्या दिवशी तीच मुलगी स्ट्रेचरवरून आली, नडगीचे दोन तुकडे घेऊन. आता ती नाच शिकवते. करत नाही.

"झालं?" टेबलावरून मास्तरने विचारलं.

"दोन मिनिटं."

जुनं जुळलेलं हाड पांढरं आणि जाड दिसतं. काळी रेघ म्हणजे हाड अजून उघडं आहे, ओझं पडलं की आणखी फाटणार. पण फॉर्मवर 'जुनं फ्रॅक्चर' लिहिलेलं असलं की घाईतला माणूस रेघ बघतो, फॉर्म बघतो आणि जुनीच रेघ आहे म्हणून पुढे जातो. तिलाही क्षणभर तसंच म्हणावंसं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार वाटलं. म्हणजे तो खेळेल, ती चौदाव्या रांगेत बसेल, सगळं ठरल्यासारखं होईल.

तेवढ्यात तिची नजर काचेतून टेबलावर गेली. डावा पाय उघडा होता. उजव्यात बूट तसाच होता, कारण तो काढायची गरजच पडली नव्हती. आणि त्या बुटाची लेस लाल होती.

अकरा वर्षांपूर्वीचा तो सामना. मास्तर खाली पडला तेव्हाचा आवाज चौदाव्या रांगेत ऐकू आला होता. मैदान चिडीचूप. त्याचा बूट काढला गेला, स्ट्रेचर आलं, आणि मैदानाच्या रेषेपासून खेळाडूंच्या आत जायच्या बोगद्यापर्यंत मास्तरने तो बूट दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला होता. लाल लेस स्ट्रेचरच्या कडेवरून खाली लोंबत होती. मास्तरच्या डाव्या बुटात पांढरी लेस असते आणि उजव्यात लाल, हे क्लबच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकदा ऐन वेळी लेस तुटली, कुणाची तरी लाल लेस घातली, सामना जिंकला, तेव्हापासून ती गेली नाही. त्या संध्याकाळी घरी येताना तिने तो बूट ठेवला होता. बाबांचं स्वतःचं काहीतरी तयार होतं, पण ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "तुझंच ठेवू." आयुष्यात एकदाच त्यांनी हार मानली. त्यामुळे ती ते विसरणं शक्यच नव्हतं.

मोडला होता तो उजवा पाय होता.

तिने फॉर्म पुन्हा वाचला. 'डाव्या नडगीला.' चूक नव्हती ती. स्वतःचा मोडलेला पाय कुठला हे कुणी विसरत नाही. त्याने जाणूनबुजून लिहिलं होतं, आणि क्लबचा डॉक्टर याच वर्षी आलेला, त्याला काय माहीत.

फोटो आणि फॉर्म दोन्ही वरच्या मजल्यावर विभागाच्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर गेले होते. तिने फोन लावला.

"बघितलं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्यापुढे सोनोग्राफीचे बारा पेशंट होते आणि तेराव्याची कुरकुर फोनमध्येही ऐकू येत होती. "रेघ आहे, पण जुनं फ्रॅक्चर लिहिलंय. जुनंच असणार. तसं लिहून पाठवतो पाच मिनिटांत."

"सर, थोडं थांबता का? दुसऱ्या पायाचा एक घेऊ?"

"कशाला?"

काय सांगणार? की आमच्या घरात एक बूट आठवणीत ठेवलेला आहे?

"डाव्याउजव्याचा घोळ असावा असं वाटतंय."

मग डॉक्टर सावकाश म्हणाले, "तुझं अक्षर चुकलं?"

एकोणीस वर्षांत तिच्या हातून डाव्याच्या जागी उजवं अक्षर एकदाही पडलं नव्हतं. नव्या मुलींना डॉक्टर तिचंच उदाहरण द्यायचे. तिने डोळे मिटले.

"खात्री करून घेते, सर."

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. घे. आणि लवकर, माझ्याकडे वेळ नाही."

ती खोलीत आली. मास्तर उठून बसला होता आणि मोजा चढवायला लागला होता.

"उजवा पाय ठेवावा लागेल," ती म्हणाली. "तो बूट काढा."

"उजवा कशाला? कागदावर डावा आहे."

"तुलना करायला. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी सांगितलं का तुम्ही सांगितलं?"

दारावर टकटक झाली. "झालं का?" मॅनेजरचा आवाज.

"होतंय," मास्तरने तिच्याकडे बघतच उत्तर दिलं. मग आवाज खाली आणला. "सिस्टर, उजव्यात काही नाही. उगाच कशाला वेळ घालवताय?"

"त्यात जुनं जुळलेलं हाड आहे."

त्याचा मोजा घोट्यापाशी थांबला.

"अकरा वर्षांपूर्वी तुम्ही स्ट्रेचरवरून जाताना बूट छातीशी धरला होता," ती म्हणाली. थांबायचं म्हटलं तरी आता तिला थांबता येत नव्हतं. "त्याला लाल लेस होती. आम्ही चौदाव्या रांगेत होतो. मी, माझे बाबा आणि भाऊ. लाल लेस उजव्याची."

तो मान खाली घालून हसला, आणि त्या हसण्यात आनंद औषधालाही नव्हता.

"लोकांना गोल आठवतात."

"आमच्या घरी गोल चालत नाहीत."

त्याला हे कळणं शक्य नव्हतं आणि त्याने विचारलंही नाही. टेबलाच्या कडेवर दोन्ही तळवे टेकून तो बसून राहिला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"तुम्ही आमच्याच ना?" त्याने विचारलं. "मग तुम्हाला सांगायला नको आज काय आहे ते. मी नसलो तर ही पोरं गांगरतात. मला नव्वद मिनिटं द्या फक्त. सहा आठवडे काढलेत मी या पायावर, आणखी दीड तास काढीन. नंतर मोडला तर मोडू दे. नंतर मला कुठे खेळायचंय?"

"मला पण तुम्ही खेळायला हवे आहात," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. "माझ्या पर्समध्ये तिकिटं आहेत."

"मग?"

"फोटोत काय आहे ते मला सांगता येत नाही. नियम आहे तो. पण सहा आठवडे पाय तुम्हाला काय सांगतोय ते तुम्हालाच माहीत. आणि नव्वद मिनिटं तो देईल असं तुम्ही धरून चाललात. तो दहाव्याच मिनिटाला मोडला तर? त्या पोरांच्या डोळ्यांदेखत?"

पुन्हा टकटक. यावेळी जोरात. "अरे, किती वेळ? बस थांबलीय."

मास्तरने दाराकडे बघितलं. मग स्वतःच्या डाव्या नडगीकडे. अंगठ्याने हाडाच्या पुढच्या कडेवर, बरोबर मधोमध, हलकेच दाबलं, आणि त्याच्या तोंडातून श्वास सुटला. फोटो त्याने बघितला नव्हता. जागा मात्र अचूक होती.

"मी उजवा ठेवला नाही तर?"

"तर मी वर जाऊन सांगेन की पेशंटने ठेवू दिला नाही. डॉक्टर काय करतील ते करतील. कदाचित कागद मिळेलही तुम्हाला." तिने फॉर्म टेबलाच्या कडेवर ठेवला. "मी काही मोठी माणूस नाही. माझ्या म्हणण्यावर कोण काय ठरवणार?"

तो तिच्याकडे बघत राहिला. ओरडला नाही. कमरेवर हात नव्हते एवढंच, बाकी ते बघणं तेच होतं. मैदानात त्या नजरेपुढे गडी का पळत सुटायचे हे तिला तेव्हा कळलं. तिने नजर हलवली नाही.

"पेन आहे?" त्याने विचारलं.

तिने खिशातलं पेन दिलं. त्याने फॉर्म मांडीवर घेतला. 'डाव्या' या शब्दावर त्याने आडवी रेघ मारली, आणि तिच्या वर लिहिलं, 'उजव्या'. या वेळी अक्षर पहिल्यासारखं जाड उमटलं नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली: 'डावी नडगी सहा आठवड्यांपासून दुखते. आधी कधी मोडलेली नाही.' मग सही. फॉर्म आणि पेन दोन्ही तिच्या हातात देताना तो म्हणाला, "आता उजव्याचा फोटो नको ना?"

"नको."

तिने पुन्हा डॉक्टरांना फोन लावला. बारा पेशंट तसेच सोडून ते स्वतः खाली आले, पडद्यावरची रेघ नाकाजवळ चष्मा नेऊन बघितली, आणि मास्तरला म्हणाले, "खेळायचं विसरा. या पायावर उभंसुद्धा राहायचं नाही. सहज म्हणूनही नाही. कळलं?" बाहेर पडताना तिच्यापाशी थांबले. "अक्षर बरोबर होतं तर," एवढंच म्हणाले.

मॅनेजरने मात्र तिला फाडून खायचं बाकी ठेवलं. तिला म्हणे कुणी शहाणपणा शिकवला होता, क्लब बुडाला तर तोंड कुठे लपवणार होती, आणि असलंच बरंच. ती टेबलावरची चादर बदलत राहिली. शेवटी मास्तरनेच त्याला गप्प केलं.

"त्यांना काही बोलायचं नाही. आणि बाहेर पायाबद्दल अक्षर काढायचं नाही. मी नाही म्हणून पोरं आधीच घाबरतील, त्यात मोडलेल्या कप्तानाचं ओझं नको त्यांच्यावर. आज खेळत नाही, एवढंच सांगा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

लोकांनी म्हणायला वेळ लावला नाही.

साडेतीनला लाउडस्पीकरवरून अकरा नावं वाचली गेली. मास्तरचं नाव आलं नाही तेव्हा आधी लोकांना वाटलं घोषणा करणारा चुकला. मग शिट्ट्या सुरू झाल्या. मागच्या रांगेतला एक जण छातीठोकपणे सांगत होता, दुसऱ्या क्लबशी बोलणं झालंय त्याचं, पाय जपतोय. दुसरा म्हणत होता, पैज लावा, घाबरला. हरलो तर आपल्या नावावर नको म्हणून पळाला. ती मांडीवर हात ठेवून बसली होती. पेशंटची गोष्ट खोलीबाहेर न्यायची नाही, अगदी घरच्यांजवळसुद्धा नाही. हा दुसरा धडा, आणि पहिल्यापेक्षा अवघड.

दादा शेजारी गप्प होता. दादाला राग आला तर परवडतो, तो गप्प बसला की समजावं आत काहीतरी मोडलंय.

मास्तर क्लबचं जॅकेट घालून बाकावर बसला होता. बसलेला. डावा पाय पुढे ताणून, सैल पँटमध्ये. सामना सुरू झाला, पोरं खरोखरच गांगरली, चेंडू एकमेकांना द्यायचं सोडून जो तो लाथाडत सुटला. तरी पूर्वार्ध निभावला. मध्यंतराला शून्य-शून्य. उत्तरार्धात क्लबच्या एका पोराचा चेंडू खांबाला लागून परत आला आणि तीस हजार माणसं एकदम उभी राहिली. बाकावरचे सगळे उठले, पाणी देणारासुद्धा उठला. मास्तर बसलेला. त्याचे दोन्ही हात बाकाच्या फळीला घट्ट धरून होते. इतक्या लांबून ते तिला दिसायचं कारण नव्हतं, पण तिला दिसलं.

"उठत पण नाही बघ," मागचा म्हणाला. "त्याला काय पडलंय."

त्र्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला. गोल साधाच होता, दोन बचावपटू एकमेकांवर ढकलत राहिले आणि मधून चेंडू गेला. मास्तर मैदानात असता तर त्याने बोट रोखलं असतं आणि त्यातला एक जण जागेवर असता. शेवटची सात मिनिटं तिने बघितली नाहीत. ती बाकाकडेच बघत होती. शिट्टी वाजली, क्लब खाली गेला, लोकांनी कागद, टोप्या, हाताला येईल ते बाकाच्या दिशेने भिरकावलं. एक पाण्याची बाटली मास्तरच्या पायाशी पडली. तो बसूनच होता.

मी गप्प बसले असते तर? हा प्रश्न तिला फाटकापासून चिकटला. त्याने दहाव्या मिनिटाला पाय मोडून घेतला असता, किंवा नसता. क्लब वाचला असता, किंवा नसता. तो प्रश्न तिला जन्मभर पुरणार होता.

दादा आणि ती चालत निघाले. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी दोघं मध्ये एका माणसाची जागा सोडून चालायचे. गल्लीच्या तोंडाशी दादा एकदम म्हणाला, "घाबरला का गं तो?"

"नाही."

"तुला काय माहीत?"

तिच्याकडे याचं उत्तर होतं. मांडीवरचा फॉर्म, 'डाव्या'वर मारलेली आडवी रेघ. मास्तरने सोळा वर्षांत मैदानावर केलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ती मोठी होती. बाबा असते तर वाटेतच थांबले असते. ते सगळं तिच्या जिभेच्या टोकावर होतं आणि तिने ते गिळलं.

"तसं वाटत नाही मला," ती म्हणाली.

घर दिसायला लागलं. दादाने खिशातून किल्ली काढली.

"चल, बोल. आजचं काय ठेवायचं?"

"तू आधी."

"माझ्याकडे एकच आहे, आणि ते चांगलं नाही." दादा पायरीपाशी थांबला. "सोळा वर्षांत तो कधी बाकावर बसला नाही. आणि आज एकदाही उठला नाही. नव्वद मिनिटांत एकदाही नाही. मला तेवढंच दिसलं. तुझं?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. दादाने थोडी वाट बघितली, मग किल्ली कुलपात घातली.

"दार उघडतोय. नाहीतर बाद."

"असू दे बाद," ती म्हणाली. "तुझंच ठेवू."

दादाने मागे वळून तिच्याकडे बघितलं. ती रडत होती. तो मुकाट्याने दार उघडून आत गेला आणि तिच्यासाठी ते तसंच उघडं ठेवलं.